टाकीपासून डावीकडे

माणसाला घर एकच असतं, बाकीचे सगळे नुसते पत्ते, असं त्याचं ठाम मत होतं. गेल्या सहा वर्षांत हे मत त्याने चार वेळा बदललं होतं, आणि चारही वेळा त्यामागे घरमालकाने बाथरूमला रंग काढून दिला किंवा दिला नाही, यापलीकडे काही कारण सापडलं नसतं. या परक्या देशातल्या परक्या शहरात तो दोन वर्षांच्या करारावर आला होता. जमिनीखालच्या नळांची गळती शोधणं हे त्याचं काम. एक लांब पितळी कांडी, तिचं एक टोक रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर, दुसरं कानाशी; डोळे मिटायचे आणि ऐकायचं. धडधाकट नळाचा आवाज झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा असतो, फुटक्या नळाचा दातओठ खात बोलणाऱ्या माणसासारखा. दोन वर्षांत गळती संपेल असा तिकडच्या साहेबांचा अंदाज होता, पण गळतीने कंपनीला चांगलं सांभाळून घेतलं. दोनाची चार झाली, चाराची सहा, आणि घरात सगळं दोन वर्षांपुरतंच राहिलं. दोन वर्षांपुरतं टेबल, ज्याचा एक पाय सहा वर्षं पुठ्ठ्यावर उभा होता. दोन वर्षांपुरते पडदे, खिडकीला वीतभर आखूड, त्यामुळे समोरच्या इमारतीतल्या लोकांना या कुटुंबाचे पाय चांगले ओळखीचे झाले होते. पुस्तकं खोक्यांतच, कारण कपाट घेऊन करायचंय काय, जायचंच तर आहे. 'जायचंच तर आहे' एवढं म्हटलं की त्या घरात कुठलीही गोष्ट न करण्याची परवानगी मिळत असे.

या वेळी मात्र कंपनीने तिसऱ्यांदा दोन वर्षं वाढवण्याऐवजी एक फॉर्म पाठवला होता. त्यात दोन चौकोन होते. एकापुढे लिहिलं होतं 'राहणार', म्हणजे कायमचे. दुसऱ्यापुढे 'परतणार', म्हणजे तेही कायमचेच. एवढा छोटा प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. लग्नाच्या वेळीसुद्धा बोलणी आठवडाभर चालली होती. चार आठवडे फॉर्म फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होता आणि दूध काढताना तो त्याच्याकडे न बघण्यात तरबेज झाला होता. आज संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. सकाळी बायकोने फॉर्म काढला, घडी घातली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. बायको फिजिओथेरपिस्ट. पहिली तीन वर्षं इथे तिची पदवी चालत नव्हती म्हणून घरी बसली, मग चाळिशीत इथल्या भाषेत परीक्षा देऊन पास झाली, आणि आता या शहरातले निम्मे गुडघे तिला नावानिशी ओळखत.

"आज खूण करून टाक एकदाची," ती म्हणाली.

"तुला काय वाटतं?"

"मी कुठेही राहीन रे. गुडघे सगळीकडे असतात."

याच्याइतकं निरुपयोगी उत्तर दुसरं नव्हतं. तिने हट्ट धरला असता तर त्याला मोडता घालता आला असता, मग रागावता आलं असतं, आणि शेवटी तिचंच ऐकून वर त्यागही नोंदवता आला असता. नऊ वर्षांची मुलगी डबा भरत होती. घरात तिला वकील म्हणत, कारण नळवाला, गॅसवाला आणि घरमालक यांच्यापुढे आईबापांची बाजू तीच मांडायची. इथली भाषा ती इथल्यासारखी बोलायची आणि आईबापांची व्याकरणं दुरुस्त करायची. वकिलाने नम्रपणे सुचवलं की मला विचारा. तुला विचारलं तर तू राहायचंच म्हणशील, असं तो म्हणाला. मग न विचारताच ते तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डब्याचं झाकण लावलं. चपला घालताना त्याला नेहमीसारखं वाटलं, की आपण इथे एका मोठ्या स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये राहतो आहोत. फक्त त्या वेटिंग रूममध्ये आता बायकोचे पेशंट होते, मुलीची शाळा होती, आणि गाडी कुठली पकडायची ते त्याला ठरवायचं होतं. तिकडे आई होती, थोरल्या भावाकडे. दर रविवारी फोनवर ती विचारायची, तिकडचं सगळं बरं ना, आणि तो म्हणायचा, बरं आहे, आता येतोच आहोत. सहा वर्षं तो येतच होता.

आणि मग, बसथांब्यापासून ऑफिसकडे जाताना, नऊला वीस मिनिटं कमी असताना, एका म्हाताऱ्याने त्याला रस्ता विचारला. सहा वर्षांत या शहराने त्याला हवं ते विचारलं होतं. कुठले, कधी आलात, कधी जाणार, करमतं का. रस्ता कुणी विचारला नव्हता. त्याच्या दुसऱ्या वाक्याला लोक त्याचा परका हेल ओळखायचे आणि मग त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने आणि सुटं सुटं बोलायचे. हा म्हातारा साध्या आवाजात बोलला. एका डोळ्यावर कापसाची जाड पट्टी, हातात घडी घातलेला कागद. "डोळ्यांचा दवाखाना कुठे आला हो?"

त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. शाळेत उत्तर येत असताना नेमकं आपल्यालाच विचारावं, तसं. "सरळ जा," तो म्हणाला. "चौकात पाण्याची टाकी लागेल, तिथून डावीकडे. मग पायऱ्या उतरायच्या. जपून, तिसरी तुटकी आहे. खाली छापखाना. त्याच्यावरून पुढे गेलं की उजव्या हाताला पिवळी इमारत." एकही शब्द अडखळला नाही. म्हाताऱ्याने टाकी, डावीकडे, पायऱ्या, छापखाना, पिवळी अशी उजळणी केली, मान हलवली आणि निघाला. तो मागून त्याच्याकडे बघत राहिला. ऑफिसपर्यंतचं उरलेलं अंतर तो जरा वेगळ्या चालीने चालला. हात थोडे अधिक हलत होते. फुटपाथवरच्या लोकांना तो वाट देत होता, पण आता पाहुण्यासारखा नाही, यजमानासारखा. खिशातला फॉर्म छातीला टोचत होता आणि तेही बरं वाटत होतं. 'राहणार' या चौकोनात खूण करायला एवढं पुरेसं आहे की काय, असा विचार त्याने केला आणि स्वतःच हसला. पण पुरता हसला नाही.

ऑफिसात त्याने नेहमीप्रमाणे नळांचा नकाशा टेबलावर पसरला. हा नकाशा त्याला पाठ होता. रस्त्यांची नावं त्यात बारीक अक्षरांत असत आणि ती त्याने कधी वाचली नव्हती. वरचं शहर त्याच्या लेखी खालच्या शहराचं झाकण होतं. म्हातारा भेटला ती जागा म्हणजे व्हॉल्व्ह एकशे बारा. तिथे त्याने बोट ठेवलं आणि सहज, कौतुकाने, आपण सांगितलेल्या वाटेने बोट पुढे सरकवलं. बोट चौकात आलं आणि थांबलं. तिथे टाकी नव्हती. त्या भागात टाकीच नव्हती. शहरातल्या सगळ्या टाक्या वर टेकडीवर होत्या, आणि त्या किती आहेत, त्यांचं पाणी किती वाजता उतरतं, कुठली झिरपते, हे या शहरात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या तज्ज्ञाने शहराला एक टाकी जास्तीची बहाल केली होती. पायऱ्या नव्हत्या. छापखाना नव्हता. कानामागून घामाचा एक थेंब हळू उतरला. त्याने म्हाताऱ्याला अगदी बरोबर रस्ता सांगितला होता, फक्त दुसऱ्या देशातल्या गावाचा.

तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला आधी सेकंदकाटा दिसेनासा झाला, मग मिनिटाचा. दर मंगळवारी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं काम त्याच्याकडे होतं. थोरल्या भावाची परीक्षा असायची. त्याची नेहमीच परीक्षा असायची. वडील त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. हात हलका असायचा, नुसता टेकवलेला, पण चौक आला की बोटं आवळायची आणि गाड्या थांबल्या की सैल पडायची. टाकीच्या सावलीत गार वाटायचं. पायऱ्या आल्या की तो मोजायचा, एक, दोन, आणि म्हणायचा, तुटकी. वडील पाय गरजेपेक्षा खूपच वर उचलायचे, जणू पायरी तुटलेली नसून वाढलेली आहे. दर मंगळवारी तेवढाच वर. छापखान्यातून शाईचा आणि गरम यंत्राचा वास यायचा, आणि वडील म्हणायचे, आलं. पुढे त्यांना एका डोळ्याने बरंच दिसायला लागलं, दुकान पुन्हा उघडलं, मग त्यांचं वय झालं आणि ते गेले. यात फारसं दुःखाचं काही नव्हतं. पण खांद्यावरची ती जागा अजून होती, आणि सकाळी कापसाची पट्टी बघितली तेव्हा बहुधा ती जागाच परस्पर बोलून मोकळी झाली होती.

आता नसलेल्या टाकीखाली एक म्हातारा एका डोळ्याने उभा असेल, हे त्याला बसू देईना. साहेबांना त्याने एकशे बाराला आवाज येतोय असं सांगितलं, कांडी घेतली आणि निघाला. ही थाप नव्हती. आवाज येतच होता, फक्त जमिनीखालून नव्हे. दुसऱ्याला चुकीचा रस्ता सांगणारे लोक जगात पुष्कळ असतात आणि ते सुखाने जेवतात, हे त्याला ठाऊक होतं. पण या एका चुकीत त्याला खिशातल्या फॉर्मचं उत्तर दिसायला लागलं होतं. पाय इथे आणि नकाशा तिथला, असा माणूस कुठल्या तोंडाने 'राहणार' म्हणतो? सहा वर्षं राहूनही डोक्यातला पहिला दवाखाना तिकडचाच निघतो, तर मग त्या दुसऱ्या चौकोनातच खूण करावी, बायकोचे गुडघे सोडवावेत, वकिलाची शाळा सोडवावी, आणि जावं. हे दुःखाचं असलं तरी निदान उत्तर होतं.

टाकीच्या जागी पेट्रोल पंप होता. तिथल्या माणसाला म्हातारा लख्ख आठवत होता. टाकी विचारत होते, तो म्हणाला, मी म्हटलं टाकी अशी नाही, पण आमच्या पंपाखाली आहे एक, पेट्रोलची. म्हणाले, तीच असेल, आणि वळले डावीकडे. तोही डावीकडे वळला. पायऱ्या नव्हत्या, एका शाळेच्या भिंतीलगत उतार होता. तिसऱ्या पावलाला त्याने आपोआप पाय उंच उचलला आणि समोरून येणाऱ्या बाईने त्याच्याकडे काळजीने बघितलं. खाली एक झेरॉक्सचं दुकान लागलं. या गल्लीत सहा वर्षांत तो कधी आला नव्हता, कारण इथला नळ नवा होता आणि गळत नव्हता. गल्लीत झाडांची रोपं विकायला ठेवली होती, एक सुतार दारातच फळी तासत होता, कुणाच्या तरी गॅलरीतून पेटीवर एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत होता, चुकत होता आणि पुन्हा वाजत होता. झेरॉक्सवाल्या बाईने सांगितलं की आजोबांनी छापखाना विचारला, मी म्हटलं छापखाना नाही, झेरॉक्स आहे, तर म्हणाले चालेल. पाणी पिऊन पुढे गेले. तुमचे वडील का, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला. नाही म्हणायला फार बोलावं लागलं असतं.

पिवळी इमारत होती. म्हणजे एके काळी पिवळी असावी. ते सार्वजनिक वाचनालय होतं, आणि आत लांब टेबलापाशी, चार निवृत्त माणसांच्या रांगेत, म्हातारा हात लांब करून वर्तमानपत्र वाचत बसला होता.

"आलात?" तो म्हणाला, जणू ठरलंच होतं. "इथे डॉक्टर काही दिसत नाहीत. पण सगळे वाचत बसलेत, म्हणजे तपासणी चालू असेल म्हटलं."

"काका, माझं चुकलं. मी तुम्हाला भलताच रस्ता सांगितला. तुम्ही पुढे कुणाला दवाखाना विचारला नाहीत?"

"दवाखाना कशाला विचारू? वाट तर तुम्ही सांगितली होती. मी नुसती टाकी विचारत होतो." म्हाताऱ्याने पेपरची नीट घडी घातली. "आणि चुकलं कसलं? टाकी पाडली असणार त्यांनी. जुन्या माणसांचं असंच होतं, त्यांना जुनंच दिसतं. तुम्ही इथले फार जुने दिसता."

"मी इथला नाही."

म्हाताऱ्याने मान वळवून चांगला डोळा पूर्ण त्याच्यावर आणला. त्याने आपल्या गावाचं नाव सांगितलं. म्हातारा म्हणाला, ऐकून आहे; ते उघडच खोटं होतं. मग म्हाताऱ्यानेच सांगितलं की तोही इथला नाही, आठवड्यापूर्वीच मुलाकडे राहायला आला आहे, गावाकडचं घर बंद करून. काल मुलाने गाडीतून दवाखान्यात नेलं, पण गाडीतून काही कळत नाही. आज पट्टी काढायची, मुलगा संध्याकाळी नेतो म्हणाला, पण संध्याकाळपर्यंत अर्धंच शहर बघत कोण बसणार. म्हणजे म्हाताऱ्याला त्याचा हेल कळला नव्हता, कारण इथला हेल कोणता तेच त्याला माहीत नव्हतं. सकाळची सगळी मिजास या एका आठवड्याच्या पाहुण्यावर उभी होती.

"मग मलाच का विचारलंत?" तो म्हणाला. "एवढी माणसं जात होती."

"तुम्ही त्या गटाराच्या झाकणाकडे बघत उभे होतात. चांगले वाकून. परका माणूस वर बघतो हो, इमारतींकडे. मी आठवडाभर तेच करतोय, मान दुखली माझी. झाकणाकडे कोण बघतं? ज्याचं गाव असतं तो. म्हटलं, याला ठाऊक असणार."

"ते गटाराचं नाही. व्हॉल्व्हचं आहे."

"बघा," म्हातारा म्हणाला आणि उठला.

दवाखाना तिथून दहा मिनिटांवर होता. तो कुठल्या रस्त्यावर आहे हे त्याला अजूनही सांगता आलं नसतं, पण शंभर मिलिमीटरचा नळ शाळेमागून वळतो आणि तीनशेच्या मोठ्या नळाला मिळतो, तिथे तो आहे हे ठाऊक होतं. बाहेर पडताच म्हाताऱ्याने न विचारता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात वडिलांच्या हातापेक्षा जड होता आणि उलट्या खांद्यावर होता. चालताना त्याच्या लक्षात आलं की आपण बोलतो आहोत, आणि थांबत नाही आहोत. या कोपऱ्यावर दुसऱ्या वर्षी नळ फुटला होता, अख्खा रस्ता तीन दिवस खणलेला, शेजारच्या बाईंनी खुर्ची आणून दिली होती. या शाळेखाली नऊ वर्षं गळती होती, कुणाला पत्ता नव्हता. आपण शोधली तेव्हा मुख्याध्यापकांनी मुलांना रांगेने आणून नुसतं भोक दाखवलं. इथे अजून एक बारीक आवाज आहे, सापडत नाही, पण सापडेल. म्हातारा म्हणत होता, असं का, अरे वा, आणि चौक आला की बोटं आवळत होता. एवढं सगळं आपल्याला कुणाला सांगायचं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. घरी तो फक्त तिकडच्या गोष्टी सांगायचा. इकडच्या गोष्टींचा साठा कुणी न विचारता खाली साचत गेला होता.

नंबर लागेपर्यंत दुपार उलटली. नर्सने पट्टी काढली. म्हाताऱ्याने डोळे मिचकावले, खिडकी बघितली, दिवा बघितला, मग त्याच्याकडे बघितलं. "एका डोळ्याने तुम्ही बारीक दिसत होतात," तो म्हणाला.

दवाखान्याच्या व्हरांड्यातून त्याने आईला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून ती आधी घाबरली. सगळं बरं आहे, असं तीनदा सांगितल्यावर त्याने विचारलं की आपल्या चौकातली टाकी आहे ना अजून.

"कुठली टाकी? ती पाडली की. तू इथेच होतास तेव्हा. जायच्या आदल्या वर्षी. धूळ येते म्हणून तूच महिनाभर खिडक्या लावून घेत होतास."

"आणि छापखाना?"

"तो तर बाबा असतानाच गेला. का रे?"

"एकाला रस्ता सांगत होतो."

"मग सापडलं का त्यांना?"

"सापडलं."

"झालं तर मग."

तो बाकावर बसला. म्हणजे त्याने सांगितलेला रस्ता इथला नव्हता आणि तिकडचाही नव्हता. तो ज्या गावी परतणार होता, त्या गावाच्या खिडक्या त्याने स्वतःच्या हाताने लावून घेतल्या होत्या. याचं वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, टाकीच्या सावलीतला गारवा क्षणभर हाताच्या कातडीवर आला आणि गेला. पण तो गेल्यावर त्याला हलकं वाटलं, बराच वेळ खांद्यावर घेतलेलं सामान आपलं नव्हतंच, असं कुणी सांगावं तसं. "आई," तो म्हणाला, "आम्ही इथेच राहायचं म्हणतोय." मग तो ऐकू लागला. डोळे मिटून, फोन कानाला घट्ट लावून, जसा कांडी लावून ऐकायचा तसा. कुठे चीर आहे का, कुठून काही झिरपतं आहे का. पलीकडे आईचा श्वास होता, सावकाश, भरलेला, एकसारखा.

"राहताच आहात की," आई म्हणाली. "सहा वर्षं काय करत होतास मग? मी आपली वाट बघत होते, हा कधी बोलावतोय. दर वेळी तुझं एकच, आम्हीच येतोय, तू कशाला दगदग करतेस. माझे गुडघे आता तुझ्या बायकोशिवाय दुसऱ्या कुणाला मी दाखवणार नाही."

बायकोला फोन केला तेव्हा ती कुणाचा तरी पाय वाकवत होती. तो म्हणाला, ठरलं, राहायचं, आणि आई येतेय. ती त्या पायाच्या मालकाला पाय सैल सोडा म्हणाली, आणि नवऱ्याला म्हणाली, "मग तू खरंच मला विचारत होतास? मला वाटायचं, तुला जायचंय आणि तोंडातून निघत नाही. मी महिनाभर नवे पेशंट घेतले नाहीत." तिचा आवाज जरासा फुटला, आणि त्या आवाजाला गळती म्हणावं असं त्याला वाटेना. वकिलाला कळवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं; निकाल ऐकताना तिचा चेहरा मला बघायचाय, असं म्हणाली.

म्हाताऱ्याला त्याने बसमध्ये बसवून दिलं आणि चालकाला कुठे उतरवायचं ते सांगितलं. थांब्याचं नाव या वेळी त्याने आधी पाटीवर वाचून घेतलं. मग दवाखान्याच्या भिंतीवर फॉर्म टेकवून 'राहणार'च्या चौकोनात खूण केली, पेन उमटेना म्हणून ती तीनदा गिरवली, आणि पाचला दहा मिनिटं असताना आस्थापना विभागातल्या बाईंच्या टेबलावर फॉर्म दोन्ही हातांनी ठेवला. सहीचा दस्तऐवज देताना माणूस जसा उभा राहतो तसा तो उभा राहिला. बाईंनी फॉर्म न बघताच ट्रेमध्ये टाकला आणि राहणाऱ्यांची यादी सकाळीच टाइप झाल्याचं सांगितलं. त्यात त्याचं नाव अकरावं होतं. मी तर आत्ता खूण केली, तो म्हणाला. बाईंनी फॉर्म ट्रेमधून काढून उलटा केला. मागच्या बाजूला, मुदतीत उत्तर न आल्यास कर्मचारी राहणार असे समजण्यात येईल, असं छापलेलं होतं.